हाड वाढत नाही, मामा

मामा, परवा रात्री तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज मी चार वेळा वाचला. तो तुम्ही लिहिलेला नाही हे दिसतंच आहे. त्याच आठवड्यात तो मला आमच्या टॉवेल कारखान्यातल्या दिवाणजींकडून आला, साखर पेठेतल्या मैत्रिणीच्या सासूबाईंकडून आला आणि शाळेच्या जुन्या ग्रुपवरही आला. 'नाकाचं ऑपरेशन करताय? थांबा, आधी हे वाचा' असा मथळा, खाली सहा मुद्दे, शेवटी 'दहा जणांना पाठवा'. मी ऑपरेशनचा विचार करतेय हे आईने तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही काळजीपोटीच तो टाकलात. म्हणून उत्तर तुम्हाला लिहितेय. ज्यांच्याकडे तो पोचलाय त्यांनाही वाचता यावं म्हणून इथे उघडपणे.

आधी माझं. अकरा वर्षांची असताना पार्क चौकाजवळ मी सायकलवरून तोंडावर आपटले, तुम्हाला आठवत असेल. रक्त थांबलं, सूज उतरली, 'लहान आहे, भरून येईल' म्हणून डॉक्टरांकडे नेण्याचं राहून गेलं. नाक उजवीकडे कललं ते कललंच. डावी नाकपुडी गेली अठरा वर्षं जवळजवळ बंद आहे. रात्री तोंड उघडं राहतं, पहाटे जीभ टाळूला चिकटलेली असते. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दुसरी गोष्ट यंदापर्यंत मी कुणाला सांगितली नव्हती: मला माझं नाक आवडत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही लग्नाचा अल्बम काढा, प्रत्येक फोटोत मी एकाच बाजूला मान वळवून उभी आहे. मला श्वासही हवाय आणि सरळ नाकही हवंय. मेसेज माझ्यासारख्यांना नेमका इथेच गप्प करतो.

'नाक चोंदणं हा आजारच नाही. तोंडाने घेतला तरी श्वास तोच.'

तोच नसतो. नाकातून गेलेली हवा फुप्फुसात पोचेपर्यंत अंगाइतकी उबदार आणि पुरेशी ओली झालेली असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो तेव्हा आपल्या सोलापूरची हवा किती कोरडी असते ते तुम्हाला सांगायला नको. तिला ओलावा द्यायचं काम नाकच करतं. धूळही तेच अडवतं. आमच्या कारखान्यात संध्याकाळी सगळ्यावर रुईचा पांढरा थर बसलेला असतो. विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरात तंबाखूची पूड उडते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फिरून आलं की रुमालाला जी काळी धूळ लागते, ती नाकाने छातीत जाऊ दिलेली नसते. तोंडात ही गाळणी नाही. कायम तोंडाने श्वास घेणाऱ्याचं तोंड कोरडं पडतं, दात लवकर किडतात, झोप मोडत राहते.

मात्र एक गोष्ट नीट सांगायला हवी. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या उघड्या नसतात. दर काही तासांनी एक बाजू थोडी भरते, दुसरी मोकळी होते, मग उलट होतं. आज डावी, उद्या उजवी बंद वाटली म्हणून कुणी ऑपरेशनला धावू नये. वर्षानुवर्षं एकच बाजू बंद असेल, तर तपासून घ्यायला हवं.

'नाकाचं हाड वाढतं, आणि कापलं तरी दोन वर्षांत पुन्हा वाढतं.'

सगळा घोटाळा 'हाड वाढलंय' या शब्दांत आहे. आपण सगळेच तसं म्हणतो. कित्येक डॉक्टरही पेशंटला समजावं म्हणून तसंच म्हणतात, आणि मग ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नखासारखं वाढत जाणारं हाड उभं राहतं. कापलं की पुन्हा येणारच, असं वाटणं मग ओघानेच आलं.

खरं तिथे असतं ते असं. दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक पडदा असतो. त्याचा पुढचा भाग कुर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर असलेल्या लवचीक भागासारखा. मागचा भाग पातळ हाडाचा. हा पडदा अगदी ओळंब्यात असलेला माणूस विरळाच. कुणाचा जन्मतः वाकडा, कुणाचा वाढीच्या वयात वाकतो, कुणाचा माझ्यासारखा मार बसून. वाकडा असणं म्हणजे आजार नव्हे. त्या वाकड्यामुळे वाट अडली तरच प्रश्न.

पडद्यासमोर, नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर, मांसल गाद्या असतात. 'नाकात मांस वाढलंय' असं म्हणतात ते बरेचदा यांच्याबद्दल. धूळ, परागकण, रुई, तंबाखू यांची अॅलर्जी असली की या गाद्या सुजतात. तिसरी गोष्ट पॉलिप, द्राक्षासारखे फुगलेले कोंब. हे तिन्ही वेगळे आहेत, त्यांचे उपचार वेगळे आहेत, आणि लोकांच्या तोंडी तिन्हींना एकच नाव आहे.

आता शेजारच्या काकांचं 'हाड पुन्हा वाढलं' म्हणजे काय झालं असेल? अॅलर्जीचा उपचार थांबला आणि गाद्या पुन्हा सुजल्या असतील. किंवा पॉलिप असतील, ते खरोखर परत येतात. कधीकधी कुर्चा आपल्या जुन्या वळणावर थोडी परत जाते, हेही होतं. पण काढलेलं हाड पुन्हा उगवून नाक बंद झालं, असं होत नाही.

मेसेजमधल्या 'दोन वर्षांत' या शब्दांना तर थेट उत्तर आहे. नेदरलँड्समध्ये पडदा वाकडा असलेल्या २०३ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले: एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याला ऑपरेशनविना उपचार. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. ऑपरेशन झालेल्यांचा श्वास आणि एकूण जगणं सुधारलं होतं आणि तो फरक दोन वर्षांपर्यंत टिकला होता. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ३७८ जणांवरचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला सहा महिने स्टेरॉइडचा आणि मिठाच्या पाण्याचा फवारा दिला होता. त्रास मोजायला २२ प्रश्नांचा, ११० गुणांचा तक्ता होता. गुण जास्त तितका त्रास जास्त. सहा महिन्यांनी फवारावाल्यांचे सरासरी ३९.५ गुण होते, ऑपरेशनवाल्यांचे १९.९.

याचा अर्थ प्रत्येकाने ऑपरेशन करावं असा मी काढत नाही. पडदा जरासा वाकडा आणि मुख्य त्रास अॅलर्जीचा असेल, तर पडदा सरळ करून फार काही हाती लागणार नाही. म्हणून आधी दुर्बिणीने आतून बघणं, काही आठवडे फवारा नीट वापरून बघणं, आणि मग ठरवणं. मला फवाऱ्याने थोडा फरक पडला. डावी बाजू उघडली नाही.

'रोज रात्री नाकात तूप किंवा बदाम तेल सोडा. चाळीस दिवसांत हाड आपोआप सरळ होतं.'

आजी आपल्या नाकात तुपाचं बोट फिरवायची. कोरड्या उन्हाळ्यात नाकातून रक्त यायचं ते त्याने थांबायचं, हे मी स्वतः अनुभवलंय. तूप कोरडेपणा घालवतं, खपली मऊ करतं तेही खरं. पण वाकलेली कुर्चा तुपाने सरळ होत नाही, जसं तेल लावून मोडून वेडंवाकडं जुळलेलं बोट सरळ होत नाही. आणि तेल भरपूर सोडलं की ते घशातून खाली उतरतं. तान्ह्या बाळांच्या आणि झोपून असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या नाकात तेल सोडलं, तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मेसेजमध्ये 'लहान मुलांनाही चालेल' असं लिहिलंय. हे वाक्य कृपा करून कुणी पाळू नका.

त्याच मुद्द्यात जलनेतीचाही सल्ला आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणं खरंच चांगलं, डॉक्टरही सांगतात. पण पाणी कुठलं? आपल्याकडे उजनीचं पाणी नळाला काही दिवसांनी येतं आणि आपण ते टाकीत, पिंपात साठवतो. ते तसंच नाकात घालू नका. उकळून गार केलेलंच वापरा. न उकळलेल्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जातो. फार क्वचित घडतं, पण घडलं की माणूस सहसा वाचत नाही. प्यायला चालणारं पाणी नाकाला चालेलच असं नाही.

आणि ज्या गोष्टीचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही, तिने माझी दोन वर्षं घेतली. औषधाच्या दुकानात सहज मिळणारे सर्दीचे थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले. टाकले की दोन मिनिटांत नाक मोकळं. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाकाला त्यांची सवय लागते, असर उतरला की सूज आधीपेक्षा वाढते, मग पुन्हा थेंब. मी उशाखाली बाटली ठेवून झोपत होते. सोडताना दोन आठवडे एकही रात्र नीट झोप लागली नाही. ज्यांच्या घरात अशी बाटली संपली की लगेच दुसरी येते, त्यांनी ऑपरेशनच्या आधी हा विषय डॉक्टरांपुढे काढावा.

'या ऑपरेशनने वास जातो, नजर जाते, मेंदूला इजा होते.'

मामा, तुम्हाला सगळ्यात भीती याची वाटली असणार. मलाही वाटली. म्हणून डॉक्टरांना एकेक धोका विचारला आणि वहीत लिहून घेतला.

रक्त येऊ शकतं. जंतुसंसर्ग होऊ शकतो. पडद्याच्या आत रक्त साकळू शकतं, ते लगेच काढावं लागतं. पडद्याला भोक पडू शकतं. मग श्वास घेताना शिट्टी वाजते, खपल्या धरतात. वरचे पुढचे दात काही आठवडे बधिर वाटतात. वास काही दिवस कमी येतो, सुजेमुळे. कायमचा जाणं विरळ. पडद्याचा वरचा हाडाचा भाग कवटीच्या तळाला जोडलेला असतो, तिथे ओढ बसली तर मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळू शकतं. हेही अतिशय विरळ आहे, पण 'मेंदूला इजा' या अफवेचं मूळ बहुधा इथे असावं. नजरेचं म्हणाल तर, नाकाचा आकार बदलताना हाड हलवतात तेव्हा डोळ्यांखाली काळंनिळं होतं, ते आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. बघून घाबरायला होतं, पण त्याने नजरेला काही होत नाही. ऑपरेशनने नजर जाणं अतिशय विरळ.

नजर जाण्याचा जास्त धोका आहे तो दुसरीकडे. 'बिनऑपरेशनचं सरळ नाक, अर्ध्या तासात' अशा जाहिराती येतात ना, त्यात नाकात फिलरचं, म्हणजे आकार भरून काढणाऱ्या जेलचं, इंजेक्शन देतात. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर नाकाची कातडी मरू शकते, दृष्टी कायमची जाऊ शकते. लोक ऑपरेशनला घाबरून पार्लरच्या शेजारच्या खोलीत असं इंजेक्शन घ्यायला जातात, आणि मेसेज त्यांना त्याबद्दल एक अक्षर सांगत नाही.

आणखी एक धोका कुणी मोकळेपणाने बोलत नाही: नाकाचा आकार मनासारखा न होणं. आकाराचं ऑपरेशन केलेल्यांपैकी साधारण ५ ते १५ टक्के लोकांना दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागतं असं सांगितलं जातं. पूर्ण सूज उतरायला वर्ष लागतं. तोवर आरशात दिसतं ते अंतिम नाक नसतं. हा आकडा ऐकून मी महिनाभर थांबले होते.

'नाक सुंदर करून घेणं ही परदेशी फॅशन आहे. आपल्या संस्कृतीत असलं काही नव्हतं.'

या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

कापलेलं नाक पुन्हा कसं करावं, गालावरची कातडी पानाच्या मापाने कशी घ्यावी, हे सुश्रुतसंहितेत आहे. तेवढंही लांब जायला नको. टिपूशी झालेल्या १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. हे करणाऱ्याचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. पण ती हकिकत चित्रासह १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ साली तिथे तेच ऑपरेशन केलं, आणि तिथून ही विद्या युरोपभर गेली. परदेशाने आपल्याकडून घेतली, आणि आपणच तिला परदेशी म्हणतोय.

कावसजीला श्वासासाठी नाक हवं होतं की चेहऱ्यासाठी? नाक कापणं ही शिक्षाच अब्रूची होती. आपल्या भाषेत अब्रू गेली की नाक कापलं जातं, मान ठेवायचा तर नाक राखावं लागतं, शरण आणायचं तर नाक घासायला लावतात. इतकं सगळं नाकावर ठेवणाऱ्या लोकांनी 'चेहऱ्याकडे काय बघायचं' असं एखाद्या मुलीला ऐकवू नये. मला बघायला आलेल्या एका मंडळींनी निघताना आईला 'नाक तेवढं जरा' म्हटलं होतं. मामा, तुम्ही त्या दिवशी घरात होतात.

पण त्या मंडळींसाठी मी हे करत असते तर चुकलं असतं, हेही मला पटलंय. डॉक्टरांनी मला विचारलं, 'हे तुम्हाला हवंय की दुसऱ्या कुणाला?' आणि विचार करायला वेळ दिला. असं न विचारता लग्नाची तारीख विचारून 'त्याआधी उरकून टाकू' म्हणणारं एक ठिकाणही मी पाहिलं. तिथून मी परत आले. ज्यांना दिवसभर आरशातलं नाकच दिसतं, कामात लक्ष लागत नाही, दुसऱ्या कुणालाही न दिसणारी खोट ज्यांना छळते, त्यांचा त्रास खरा असतो. त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांची मदत हवी असते. ऑपरेशनने तो त्रास जात नाही. आणि तरुण पोरापोरींनो, सेल्फीवरून नाक ठरवू नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित करून दाखवलं की चेहऱ्यापासून एक फुटावर धरलेल्या फोनमध्ये नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. बहिणीला पाच फूट लांब उभं करा आणि मग फोटो बघा.

श्वास आणि आकार वेगळे काढता येतात असं मी समजत होते. माझ्या बाबतीत तसं नाही. बाहेरचं नाक कललंय त्यामुळे डावीकडची आतली वाटही अरुंद झालीय. नाकाशेजारचा गाल बोटाने जरा बाहेर ओढला की माझा श्वास मोकळा होतो. म्हणजे अडथळा पुढच्या, आकार धरणाऱ्या भागातही आहे. नुसता आतला पडदा सरळ केला तर पूर्ण फरक पडेलच असं नाही. हे मी 'मला दिसण्याचाही त्रास होतो' असं सांगितल्यावर डॉक्टरांनी तपासलं. आधीच्या दोन वेळी मी लाजून फक्त श्वासाचं सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळी बोलणं पडद्यापाशीच थांबलं. नुसतं पडद्याचं ऑपरेशन झालं असतं, नाक तसंच राहिलं असतं, आणि मी पुन्हा दुसऱ्या ऑपरेशनला उभी राहिले असते. मेसेजची ही शरम घालणारी ओळ अशी नुकसान करते.

'डॉक्टर श्वासाचं निमित्त करून विम्याचे पैसे काढतात.'

लबाडी करणारे कुठेही असतील. पण नियम साधा आहे. दिसण्यासाठीचं ऑपरेशन आरोग्य विम्यात बसत नाही; अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची दुरुस्ती किंवा वैद्यकीय गरज असेल तरच अपवाद. श्वासासाठी पडदा सरळ करणं बसू शकतं, मात्र अनेक पॉलिसींत त्याला दोन वर्षं थांबावं लागतं. निव्वळ सौंदर्याच्या ऑपरेशनवर १८ टक्के जीएसटीही लागतो. तेव्हा दोन्ही एकत्र करायचं असेल तर श्वासाचा खर्च वेगळा आणि आकाराचा वेगळा, असं लेखी मागून घ्यावं. मी मागितलंय. ज्यांना खासगीत जमत नाही त्यांच्यासाठी आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, कान-नाक-घशाचा विभाग आहे.

आता माझं कुठवर आलंय ते सांगते. अजून हो म्हटलेलं नाही. फक्त पडदा, की पडदा आणि आकार दोन्ही, हे सीटी स्कॅन बघून ठरेल. केलंच तर गड्ड्याची यात्रा उलटून गेल्यावर. त्या धुळीत ताजं नाक घेऊन फिरायचं नाही. आठवडाभर नाकावर पट्टी, दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, महिनाभर जड उचलायचं नाही, दीड महिना चष्मा नाकावर टेकवायचा नाही. पहिले काही दिवस कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बंद, कारण जोरात चावलं की वरचा ओठ ओढला जातो आणि ठसका लागला की रक्त सुटतं. आईने आत्ताच मऊ खिचडीची तयारी मनात सुरू केलीय.

सोमवारी संध्याकाळी साडेपाचला माझी पुढची तपासणी आहे. आई येणार आहे, पण तिला तिथे प्रश्न सुचत नाहीत. मामा, तुम्ही या. मेसेज मोबाईलवर तसाच ठेवा, पुसू नका. सहाच्या सहा मुद्दे तुम्ही स्वतः डॉक्टरांना विचारा, आणि मी जे वर लिहिलंय त्यातलं काही चुकलं असेल तर तेही विचारा. मी सव्वापाचला सात रस्त्याला उभी असेन.